शीतलच्या आळ्यातली माती

भिंगाखाली ते दिसलं आणि मी इतक्या झटक्यानं उठले की खुर्ची मागे पडली. शेजारच्या टेबलावर डबा खात बसलेली तेजस्विनी म्हणाली, "काय झालं, पाल पडली काय अंगावर?" मी पुन्हा वाकले, डोळा लावला. होतं. जागच्या जागी होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या, शीतलच्या, पांढुर्ण्याकडच्या संत्र्याच्या बगीच्यातून आणलेल्या मुळाचा पातळ काप, निळ्या रंगवलेल्या पेशी, आणि त्यांच्यामध्ये एक गोल पिवळसर अंडं, चांगलं जाड भिंतीचं, आणि त्याच्या बुडाशी गळपट्ट्यासारखा बसलेला नर. अंडं त्या नराच्या आतून वाढून वर आलेलं. पुस्तकात हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून काढीन, पण पुस्तकातलं ते कुठल्या तरी लांबच्या देशातलं, दुसऱ्या कुणी तरी पाहिलेलं. हे मी पाहत होते. सौंसरला, खताच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत, जिथं पंखा लावला की काचेवरची झाकणं उडतात आणि बंद केला की जीव जातो. माझ्या कानात रक्त वाजत होतं. मला एकदम भूक लागली, मग हसू आलं. तेजस्विनी डब्यावर झाकण ठेवून आली आणि मला बाजूला सारून स्वतः पाहू लागली. बराच वेळ पाहिलं तिनं. मग म्हणाली, "हे तर ते आहे गं."

मला कुणी विचारलं की तू नेमकं काय करतेस, तर मी अशी लांबण लावते की आमची आई पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते, हिला काही विचारू नका, चहा थंड होईल. पण आहेच ते तसं, मी काय करू? संत्र्याच्या खोडातून डिंक वाहायला लागतो, पानं पिवळी पडतात, आणि भरलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. आमच्याकडे त्याला डिंक्या म्हणतात. तो करणारी बुरशी, खरं म्हणजे ती बुरशीही नव्हे, पण सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणते, मातीतल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत येते. एरवी तिला कुणाची गरज नसते. एकटीच वाढते, स्वतःच्याच नकला काढते, आई तशी लेक, लेक तशी नात. मीलन व्हायचं तर तिचे दोन वेगळे प्रकार एका जागी यावे लागतात. काही पुस्तकांत 'दोन जाती' असं लिहिलेलं असतं, मी प्रकार म्हणते. बाबांनी तो शब्द घरात कधी बोलू दिला नाही, तोंडात बसतच नाही माझ्या. तर हे दोन प्रकार भेटले की अंडं तयार होतं, आणि त्या अंड्यातून जे निघतं ते ना आईसारखं ना बापासारखं. ते नवीन असतं. आईबापांना जे झाड खाता येत नव्हतं ते त्याला खाता येऊ शकतं. तीन वर्षं मी पिशव्या घेऊन बगीचे धुंडाळले. आमच्या रामाकोन्याच्या बाजूला जिथं माती उकरावी तिथं एकच प्रकार, पांढुर्ण्याच्या बाजूला सगळीकडे दुसरा. एकत्र कुठंच नाहीत. आमचे सर म्हणाले होते, हे दोघं तुझ्या नोकरीत भेटत नाहीत बाई, दुसरा विषय घे. मी नाही घेतला. हट्टी आहे मी, आणि आज मला माझ्या हट्टाचा फार म्हणजे फार अभिमान वाटत होता.

आणि मग खिडकीतल्या कुंड्या. त्या मी विसरलेच होते. जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, हा रोग लवकर येतो म्हणून हल्ली लोक रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे कलम करतात. रंगपूर टिकतो, त्याच्या भरवशावर लोक नवीन बगीचे लावून राहिलेत. मी रंगपूरची रोपं तीन मातींत लावली होती. रामाकोन्याच्या मातीतली ताठ उभी. पांढुर्ण्याच्या मातीतली ताठ उभी. शीतलच्या आळ्यातून, म्हणजे झाडाच्या बुडाशी पाण्यासाठी केलेल्या गोल खाचेतून, जी माती आणली होती त्यातली सगळी माना टाकून बसलेली. गेल्या आठवड्यात मी यावरून तेजस्विनीशी भांडले होते, तूच पाणी जास्त ओतलंस म्हणून. आता मी तिच्याकडे पाहिलं, तिनं कुंड्यांकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी एकदमच हसायला लागलो. मी तिला मिठी मारली, तिच्या हाताला लोणच्याचं तेल होतं, ते माझ्या पाठीवर लागलं, लागू दे म्हटलं. "आधी दुसरे काप पाह्य," ती म्हणाली, "एका अंड्यावर नाचू नको." दुसरे काप पाहिले. होती, आणखी होती. त्या मुळात त्यांचं गावच वसलं होतं. मी फोनच्या कॅमेऱ्यानं भिंगातून फोटो काढले, घाईघाईत निम्मे वाया गेले. मग तेजस्विनीनं साध्या आवाजात विचारलं, "पण तुझ्या बहिणीच्या इथं तर पांढुर्ण्याचाच प्रकार पाहिजे ना. हा दुसरा तिथं गेला कसा?" मला उत्तर माहीत होतं. विचार करावाच लागला नाही. एका श्वासात कळलं आणि पोटात खड्डा पडला, आणि नवल म्हणजे आनंद तरीही गेला नाही, तो तिथंच होता, त्या खड्ड्याच्या काठावर पाय हलवत बसलेला. मी पर्स उचलली. "कुठं निघाली?" "रामाकोन्याला. उद्या आमच्या शेजारच्या पूनमचं लग्न आहे."

शनिवार होता, जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्या माणसांनी सौंसरचं स्टँड भरून गेलं होतं. नारळ, तेलाच्या बाटल्या, कडेवरची लेकरं. छिंदवाड्याच्या बसमध्ये मला उभ्यानंच जागा मिळाली, दांडीला धरून, आणि एका बाईची पिशवी माझ्या गुडघ्याला सारखी लागत होती, आणि मला कशाचाच राग येत नव्हता. मला दर थोड्या वेळानं हसू येत होतं. बाहेर कापसाची शेतं, मग बगीचे, मग पुन्हा कापूस, आणि मी मनात म्हणत होते, तुम्हाला माहीत नाही, तुमच्या खाली काय चाललंय ते मला माहीत आहे. मग बाबा आठवत. शीतलच्या लग्नात बाबांनी सांगितलं होतं, भांडीकुंडी देणार नाही, पलंग-कपाट देणार नाही, मी झाडं देणार. लाइनमन होते ते, खांबावर चढून आयुष्य गेलं, पण जीव सगळा आमच्या एकरभर बगीच्यात. त्यांनी स्वतः डोळा भरलेली दोन कलमं, आणि नुसती कलमं नाही, तर आमच्या बगीच्यातल्या जुन्या झाडाखालची माती उकरून तिचा मोठा गोळा मुळांभोवती बांधलेला. "पोर नवीन जागी जाते तं घरच्या मातीत पाय ठेवून जाते," असं ते बुद्धवंदना झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले होते, आणि मांडवातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. मीही रडले होते. शीतल गाडीत बसली तेव्हा एक कलम तिनं मांडीवर घेतलं होतं, शालूला माती लागली तरी खाली ठेवलं नाही. गावाला हे इतकं आवडलं की मग सगळेच तसं करू लागले. आमच्या वस्तीतल्यांनी केलंच, पाटीलपुऱ्यातलेही करू लागले. बाबांना बोलावणी यायची, देवीदासजी, आमच्या पोरीचं कलम तुमच्या हातानं बांधा, माती तुमच्याच बगीच्यातली पाहिजे. ज्या घरात बाबा पूर्वी मीटर तपासायला जाऊन ओट्यावरूनच परत यायचे, त्या घरच्या लोकांनी त्यांच्या हातची माती पोरीसोबत पाठवली. बाबा दाखवत नसत, पण त्यांच्या आयुष्यात याच्याएवढं मोठं काही झालं नाही, हे मला माहीत आहे. उद्या शेजारच्या नत्थूजींची पूनम निघणार होती, पांढुर्ण्यालाच. तिची कलमं बाबा आज बांधत असणार. बस इतकी हळू चालली होती की उतरून ढकलावीशी वाटली.

शीतलच्या दोन कलमांतलं एक लागलंच नाही, मांडीवरून नेलेलं दोन बहार बरं होतं. मग त्याला डिंक आला. मग ते गेलं, आणि त्याच्या शेजारची तिच्या सासरची जुनी झाडंही एकेक करून पिवळी पडू लागली. पावसाळा संपल्यावर मी तिच्याकडे गेले होते तेव्हा ती मला बगीच्यात घेऊन गेली आणि त्या वाळलेल्या खोडाजवळ उकिडवी बसली. झाड उपटू दिलं नव्हतं तिनं. "ताई, मी रोज पाहत होती त्याले," ती म्हणाली, "बाबानं सांगतलं तसंच करत होती." तिची सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या सुनेच्या हाताला झाड लागत नाही, हिनं हात लावला की वाळतं. एका नातेवाइकाच्या लग्नात तिनं हेच बाबांना पंगतीत सुनावलं, दहा माणसांदेखत. बाबांनी मान खाली घातली. आणि घरी येऊन आईला म्हणाले, पाणी जास्त देत असन ते, मी सांगतलं होतं तिले. शीतल माझ्याशी बोलताना खोडावरचा सुकलेला डिंक नखानं काढत होती. त्या पंगतीपासून ती रामाकोन्याला आली नाही. दिवाळीला ताप, आंबेडकर जयंतीला पोराची परीक्षा, काही ना काही. मला कारण माहीत होतं, आईला माहीत होतं, बाबांना माहीत होतं की नाही कोण जाणे. मी त्याच दिवशी तिच्या आळ्यातली माती आणि मुळं घेऊन आले, खरं सांगायचं तर तिचं मन राखायला. काही सापडेल असं वाटलंच नव्हतं. आणि आता सापडलं होतं ते असं होतं की ते सांगितलं तर शीतल सुटते आणि बाबा सापडतात. एकीला सोडवायचं तर दुसऱ्याच्या हातावर बोट ठेवावं लागणार. आणि या सगळ्यात मी, शिकलेली, शहाणी, दांडीला लटकून फोनमधला फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहत होते आणि मला तो सुंदर वाटत होता. माझ्या बहिणीचं झाड ज्यानं मारलं ते मला सुंदर वाटत होतं. लाज वाटली. मग रामाकोना आलं आणि मी उतरताना पुन्हा एकदा फोटो पाहिला.

बाबा अंगणात बसले होते, आई शेजारी तांदूळ निवडत. समोर ओल्या बारदानाचे तुकडे, सुतळी, दोन कलमं, आणि एका घमेल्यात आमच्या बगीच्यातली काळी माती. एका कलमाचा गोळा बांधून झाला होता, त्याला निळी रिबिन लावली होती, पूनमला निळा रंग आवडतो म्हणून. "आज कशी आली तू? उद्या येणार होती ना?" आई म्हणाली. मी चप्पलसुद्धा काढली नाही. बाबांच्या समोर फोन धरला. वाटेत मी सगळं नीट जुळवून ठेवलं होतं, आधी हे सांगायचं, मग ते, हळूहळू. त्यातलं काहीच आठवेना. "बाबा, हे पाहा," इतकंच म्हणाले.

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. "काय होय हे?"

"डिंक्याचं अंडं."

"अस्सं." त्यांना नवीन काहीही पाहायला आवडतं, लहानपणी ते मला बल्ब फोडून आतली तार दाखवायचे. "नर कोणता याच्यातला?"

"हा खालचा. पट्ट्यासारखा. अंडं त्याच्या आतून वर येतं." आणि मी सुरू झाले. सगळं सांगितलं, दोन प्रकार, त्यांची भेट, नवीन पिल्लू, आणि जंबेरीच काय, रंगपूरच्या खुंटालाही ते कसं आडवं करतं, आणि एकदा झालेली अंडी मातीत कशी वर्षानुवर्षं पडून राहतात. माझा आवाज चढत गेला, हात हलत होते, आईनं तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. बाबा मान हलवत ऐकत होते, त्यांचे डोळे माझ्यासारखेच चमकत होते. "मंग एक पांढुर्ण्याचं," ते म्हणाले, "अन् दुसरं कुठलं?"

मला वाटलं होतं हे मला सांगावं लागेल, त्यांनी विचारलं.

"दुसरं इथलं, बाबा. आपल्या बगीच्यातलं."

"अन् भेटलं कुठं?"

"शीतलच्या आळ्यात."

घमेल्यातल्या मातीवर त्यांचा हात होता, तो त्यांनी काढला नाही. मग ते म्हणाले, "झाड तं दोन बहार चांगलं होतं. पाणी जास्त झालं असन तिच्याकून. जास्त पाण्यानंबी डिंक येते." आणि मला असा राग आला की मी स्वतःच दचकले. बाबांवर मी कधी आवाज चढवला नव्हता. "तिनं पाणी तुम्ही सांगितलं तेवढंच दिलं," मी म्हणाले, "एक तांब्या जास्त नाही. तुमच्या झाडासाठी ती त्या घरात रोज बोलणी खाऊन राहिली. वाळलेलं खोड उपटू देत नाही ती, तुमचं आहे म्हणून. पाणी नाही बाबा. माती. तुमच्या बगीच्यात ही बुरशी एकटी होती तेव्हा झाडं तिला सोसत होती. तुम्ही तिला उचलून दुसरीच्या शेजारी नेऊन ठेवलं. आता हे पूनमच्या घरी जाईल. मग तिच्या शेजाऱ्याकडे." मी थांबले नाही. "अन् मला याचा आनंद झाला बाबा. दुपारपासून मी हसून राहिली. माझीच लाज वाटून राहिली मला."

आई उठून माझ्याजवळ आली, पण बाबांनी हातानंच तिला थांब म्हटलं. "तुह्या आनंदाचं सोड," ते म्हणाले, "तू शोधलं तं आनंद होईनच. त्याच्यात लाज कायची." मग त्यांनी पूनमच्या कलमाची सुतळी सोडली. निळी रिबिन आधी काढून आईच्या हातात दिली, मग बारदान उलगडलं, मातीचा गोळा तसाच घमेल्यात ठेवला, हात झटकले. "याले जाळा लागन?" त्यांनी विचारलं. "कलमं जाळावी लागतील," मी म्हणाले, "माती इथली इथंच परत टाका, बाहेर नका जाऊ देऊ." "अन् आतालोक ज्या पोरी गेल्या?" "जाऊन पाहावं लागेल. सगळ्यांकडे." त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता ते नत्थूजींकडे जातील, कारण कलमाची वाट तिकडे पाहत होते. पण ते उठलेच नाहीत. "फोन लाव," म्हणाले.

"कोणाला?"

"शीतलले."

मी लावला. बाबा फोन कधी कानाला लावत नाहीत, स्पीकरवर ठेवून समोर धरतात, लाइनवर काम करताना लागलेली सवय. वाजत राहिला. मग शीतलचा आवाज आला, सावध, "हो ताई?"

"मी होय," बाबा म्हणाले.

तिच्या बाजूला कुकरची शिटी झाली.

"शीतल, ते झाड तुह्या हातानं नाही मेलं. आयक नीट. माह्या मातीनं मेलं. तुही बहीण सांगून राहिली इथं, तिनं भिंगात पाह्यलं. तुह्या सासऱ्याची झाडं जाऊन राहिली तेबी माह्याच मातीनं. तुहा काही दोष नाही त्याच्यात."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. आईनं रिबिन बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग शीतल म्हणाली, "असू द्या ना बाबा," आणि तिचा आवाज फाटला, "असू द्या. गेलं तं गेलं."

"नाही," बाबा म्हणाले. "तुह्या सासूले बोलाव."

"कायले बाबा? राहू द्या."

"बोलाव म्हणतो ना."

पाय वाजले, दार वाजलं, शीतल सासूला हाक मारत होती, आई, जरा इकडे या, आमच्या बाबाले तुमच्याशी बोलायचं हाय. आधी हळू, मग मोठ्यानं, मग आणखी मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. बाबा एका हातानं जमिनीचा आधार घेऊन उठले, सदरा खाली ओढला, मातीचे हात सदऱ्याला पुसले आणि फोन समोर धरून सरळ उभे राहिले.

"विहीनबाई, जय भीम," ते म्हणाले. "मी देवीदास बोलून राहिलो. तुमच्या बगीच्यात रोग मी धाडला. तुम्ही पंगतीत जो दोष सांगतला, तो माहा होय, माह्या पोरीचा नाही."